ओळख करून देणं आणि ओळख असणं : रामानुजन यांचे तीन परिचय

पीएच.डी.च्या मुलाखती जवळ आल्या की ज्युनिअर मंडळींचे मेसेज सुरू होतात. ‘ताई, “स्वतःबद्दल सांगा” म्हटलं की नेमकं काय सांगायचं?’ प्रश्न साधा वाटतो, पण माझी पहिली मुलाखत याच प्रश्नावर बुडाली होती. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, बी.ए., एम.ए., नेट. समितीतल्या एका मॅडमनी अगदी शांतपणे म्हटलं, ‘हे सगळं फॉर्मवर आहे. तुम्हाला काय शोधायचंय ते सांगा.’ मी गप्प. त्या वर्षी माझं नाव यादीत नव्हतं.

योगायोग म्हणा, पण आता माझा संशोधनाचा विषयच विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे नोकरीचे अर्ज हा आहे. कारकुनीसाठी, मास्तरकीसाठी लोकांनी साहेबाला लिहिलेले अर्ज. माणूस अनोळखी आणि वरच्या जागी बसलेल्या माणसाला स्वतःची ओळख कशी करून देतो, हे मी रोज वाचते. म्हणून आज टिप्स देत बसत नाही. त्याऐवजी एका माणसाने साधारण दोन वर्षांच्या काळात तीन वेगवेगळ्या लोकांना करून दिलेली स्वतःची ओळख आपण पुरावा म्हणून वाचूया. माणूस सगळ्यांच्या माहितीतला आहे, श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या प्रतिभेच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकतो. त्यांचे अर्ज मात्र फार कमी जणांनी नीट वाचलेले असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, इरोडचा. वाढले कुंभकोणमला. मॅट्रिकनंतर १९०४ मध्ये तिथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. पण गणित सोडून बाकी विषयांकडे लक्षच नाही, त्यामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैय्यप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न केला, तिथेही एफ.ए.ची परीक्षा पास झाले नाहीत. एफ.ए. म्हणजे मॅट्रिकनंतरची कॉलेजची पहिली परीक्षा, ढोबळमानाने आजची बारावी म्हणा. १९०९ मध्ये लग्न झालं. १९१० साली हातात होतं ते एवढंच : डिग्री नाही, नोकरी नाही, आणि गणिताने भरलेल्या वह्या.

नोकरीसाठी ते तिरुकोइलूरला व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटायला गेले. अय्यर डेप्युटी कलेक्टर होते, आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या, पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे संस्थापकही. (या सोसायटीचं ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं. तेव्हाचं गणिताचं जग किती छोटं आणि टपालावर चालणारं होतं, ते यावरून कळतं.) रामानुजन यांनी वह्या दाखवल्या आणि कारकुनाची जागा मागितली. अय्यरांनी वह्या चाळल्या आणि अशा माणसाला महसूल खात्याच्या तळाच्या जागेवर बसवायचं नाही असं ठरवलं. त्यांनी नोकरी दिली नाही, मद्रासच्या ओळखीच्या लोकांच्या नावे चिठ्ठ्या दिल्या.

इथे मराठीतला ‘ओळख’ हा शब्द फार कामाचा आहे. आपण ‘ओळख करून देतो’, आणि आपली कुणाशी ‘ओळख असते’. नोकरी ‘ओळखीने’ लागते असं म्हणताना आपल्याला दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. रामानुजन यांच्या गोष्टीत हे दोन्ही अर्थ शेवटपर्यंत एकमेकांचा हात धरून चालतात. त्यातला एकच धरला तर गोष्ट चुकते.

पहिला परिचय : नेल्लोर, डिसेंबर १९१०

चिठ्ठ्यांच्या साखळीतून रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोचले. रावांना गणिताची आवड होती आणि सोसायटीशीही त्यांचा संबंध होता. ही प्रत्यक्ष भेट होती, म्हणजे आजच्या भाषेत मुलाखतच.

या भेटीबद्दल रावांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांच्या सांगण्यानुसार वहीतलं गणित त्यांना सुरुवातीला समजलंच नाही. माणूस खरा की भ्रमिष्ट, तेही ठरवता येईना. त्यांनी पुन्हा यायला सांगितलं. रामानुजन यांच्या लक्षात आलं की समोरच्याला हा प्रांत ओळखीचा नाही. मग त्यांनी काय केलं, तर आधी सोपे निष्कर्ष दाखवले, पण नेहमीच्या पुस्तकांच्या पलीकडे जाणारे. तिथून हळूहळू इलिप्टिक इंटिग्रल्स, मग हायपरजॉमेट्रिक श्रेणी, आणि सगळ्यात शेवटी अपसारी श्रेणींवरचं आपलं काम. (अपसारी श्रेणी म्हणजे ज्यांची बेरीज कुठल्याही एका संख्येपाशी स्थिरावत नाही अशा अनंत श्रेणी.) शेवटी रावांनी विचारलं, तुला हवंय काय? उत्तर होतं : पोटापुरतं मिळावं, म्हणजे संशोधन चालू ठेवता येईल. राव महिना २५ रुपये देऊ लागले.

यात काय दिसतं? स्वतःबद्दल विशेषणं नाहीत. समोरचा किती तपासू शकतो याचा अंदाज घेऊन, त्याला पेलेल त्या पायरीपासून सुरुवात आहे. आणि मागणी विचारल्यावर उत्तर एका वाक्यात आहे.

पण थांबा, आपण इतिहासवाले आहोत. हा पुरावा कसला आहे? रावांचा हा मजकूर रामानुजन यांच्या मृत्यूनंतरचा आहे. रामानुजन गेले २६ एप्रिल १९२० ला, आणि तोवर ते रॉयल सोसायटीचे फेलो होऊन जगप्रसिद्ध झालेले होते. म्हणजे लिहिणाऱ्याला गोष्टीचा शेवट माहीत होता. अशा आठवणीत नाट्य वाढतं, आणि ‘मी तेव्हाच ओळखलं होतं’ हा सूर नकळत येतो. म्हणून मी यातून एवढंच घेते : भेट एकदाच झाली नाही, पहिल्यांदा पटलं नाही, आणि सोप्याकडून अवघडाकडे गेल्यावर पटलं. रावांनी स्वतःच्या पहिल्या अपयशाची कबुली दिली आहे, त्यामुळे हा भाग मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

दुसरा परिचय : मद्रास पोर्ट ट्रस्ट, ९ फेब्रुवारी १९१२

दुसऱ्याच्या पैशावर जगणं रामानुजन यांना फार दिवस रुचलं नाही. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. हा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. आठवण नाही, त्याच क्षणी लिहिलेला कागद आहे.

अर्ज अगदी छोटा आहे. आशय असा : आपल्या कचेरीत जागा रिकामी आहे असं कळलं. मी मॅट्रिक पास आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो आहे, पण काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही. मात्र माझा सगळा वेळ मी गणिताला दिला आहे. नेमणूक झाली तर कामाला न्याय देईन याची खात्री आहे. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र. झालं.

असे अर्ज तुम्ही शेकड्याने वाचलेत की दोन गोष्टी दिसायला लागतात. पहिली, यातली नम्रता ही त्या काळाचा साचा आहे. ‘विनंती करण्याची परवानगी असावी’ छापाची वाक्यं तेव्हा प्रत्येक इंग्रजी अर्जात असायची. त्यावरून ‘रामानुजन किती विनम्र होते’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे आजच्या ईमेलमधल्या ‘महोदय/महोदया’वरून स्वभाव ओळखण्यासारखं आहे. पुरावा वाचताना आधी साचा बाजूला काढायचा. मग जे उरतं तो त्या माणसाचा आवाज.

दुसरी गोष्ट, साचा काढल्यावर इथे उरतं काय? ‘सगळा वेळ गणिताला दिला’ हे वाक्य. हिशेबाच्या कचेरीतल्या कारकुनाला याची काही गरज नव्हती, पण ते आहे. आणि नाही काय? एकही प्रमेय नाही. १९११ मध्येच सोसायटीच्या जर्नलमध्ये बर्नुली संख्यांवरचा त्यांचा लेख छापून आला होता, त्याचाही उल्लेख नाही. कारण वाचणाऱ्याला तो तपासता आला नसता, आणि कारकून निवडायला त्याचा उपयोगही नव्हता. परीक्षेतलं अपयश अर्ध्या वाक्यात सांगून अर्ज पुढे सरकतो. ना रडगाणं, ना सफाई.

१ मार्च १९१२ ला ते कामावर रुजू झाले. आता ‘ओळखी’चा दुसरा अर्थ पुन्हा आठवा. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष होते सर फ्रान्सिस स्प्रिंग, आणि कचेरीत वरच्या जागेवर होते एस. नारायण अय्यर. ते स्वतः गणित जाणणारे, त्याच सोसायटीतले. म्हणजे अर्ज जिथे गेला तिथे तो समजू शकणारा माणूस आधीच बसलेला होता. अर्ज चांगला होताच, पण एकट्या अर्जाने हे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

मधला एक नकार

तिसऱ्या परिचयाआधी एक अपयश सांगायलाच हवं, कारण मोटिव्हेशनल भाषणांत ते गाळलं जातं. १९१२ च्या अखेरीस मद्रासमधले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक ग्रिफिथ यांनी रामानुजन यांचं काही काम लंडनला, आपले जुने शिक्षक एम. जे. एम. हिल यांच्याकडे पाठवलं. हिल यांनी ते खरोखर वाचलं आणि उत्तरही दिलं. मुलाला गणिताची आवड आहे, थोडी कुवतही आहे, पण तो चुकीच्या वाटेला लागलाय, अपसारी श्रेणी हाताळताना घ्यायची काळजी त्याला माहीत नाही, असं त्यांचं मत. पुरावा म्हणून त्यांनी १ + २ + ३ + ... = -१/१२ यासारख्या ओळींकडे बोट दाखवलं. आणि ब्रॉमविच यांचं अनंत श्रेणींवरचं पुस्तक अभ्यासायला सांगितलं.

हिल यांना खलनायक करू नका. नेहमीच्या अर्थाने ती ओळ चूकच आहे. एका वेगळ्या, नेमक्या अर्थाने ती बरोबर ठरते, पण तो अर्थ हिल यांच्यासमोर मांडलेला नव्हता. आपण काय म्हणतोय हे आपल्या डोक्यात स्पष्ट असणं आणि समोरच्या कागदावर स्पष्ट असणं यातलं अंतर इथे दिसतं. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी ‘वसाहतकालीन आत्मभान’ असा शब्द चार वेळा वापरला होता, एकदाही अर्थ न सांगता. तेव्हा मला हिलसाहेबांचा राग यायचं कारण नाही.

केंब्रिजच्या आणखी दोन नामवंत गणितज्ञांना, बेकर आणि हॉब्सन यांना, रामानुजन यांनी लिहिलं होतं आणि काही उपयोग झाला नाही, असंही चरित्रकार सांगतात.

तिसरा परिचय : हार्डी यांना पत्र, १६ जानेवारी १९१३

आता ते प्रसिद्ध पत्र. केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना. सुरुवातीलाच रामानुजन स्वतःला मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून म्हणून सांगतात. पगार वर्षाला फक्त २० पौंड. बघा, पगार रुपयांत नाही, पौंडांत. वाचणाऱ्याला लगेच अंदाज यावा म्हणून. मग वय, साधारण २३. मग शिक्षण : विद्यापीठाचं शिक्षण नाही, शाळेचा नेहमीचा अभ्यासक्रम झालाय. त्यानंतर मोकळ्या वेळात गणित, आणि ठरलेल्या वाटेने न जाता स्वतःची नवी वाट.

इथे जरा पेन्सिल काढा. जन्म डिसेंबर १८८७ चा, म्हणजे जानेवारी १९१३ ला वय २५. आणि अकरा महिन्यांपूर्वीच्या अर्जात ‘एफ.ए.पर्यंत शिकलो’ असं लिहिणारा माणूस इथे ‘विद्यापीठाचं शिक्षण नाही’ म्हणतो. तोच माणूस, तेच आयुष्य, दोन कागद. संशोधनात यालाच आपण दोन पुरावे शेजारी ठेवणं म्हणतो. एकच कागद असता तर काहीच खटकलं नसतं.

शिक्षणाचं मला असं वाटतं : पोर्ट ट्रस्टला किमान पात्रता बघायची होती, म्हणून तिथे ‘एफ.ए.पर्यंत’ महत्त्वाचं. हार्डींच्या दृष्टीने नापास झालेली एफ.ए. आणि काहीच नसणं यात फरक नव्हता. त्यांना फक्त एवढं कळायला हवं होतं की या माणसाला कुणी हे शिकवलेलं नाही. वयाचं मात्र समर्थन मी करणार नाही. आणि तुम्हीही फॉर्मवर असलं काही करू नका! काय सांगायचं ते निवडणं वेगळं, आणि चुकीचं सांगणं वेगळं.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. रामानुजन लिहितात की हार्डी यांची ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ ही पुस्तिका त्यांनी पाहिली, आणि तिच्या ३६व्या पानावर मूळ संख्यांबद्दल एक विधान आहे. एखाद्या संख्येपेक्षा लहान मूळ संख्या किती, याचं निश्चित सूत्र अजून सापडलेलं नाही, अशा अर्थाचं. आपल्याला असं सूत्र मिळालंय असा त्यांचा दावा. म्हणजे ‘मी आपला मोठा चाहता आहे’ नाही. तुमचं अमुक पुस्तक, तमुक पान, आणि तिथून माझं काम सुरू होतं.

गंमत अशी की हा दावा टिकला नाही. मूळ संख्यांबाबत रामानुजन यांची मोठी चूक झाली होती, हे हार्डी यांनी पुढे स्पष्टच लिहिलंय. मग पत्र वाचलं कशाने? सोबत जोडलेल्या पानांनी. सुमारे १२० निष्कर्ष होते. काही आधीच माहीत असलेले, काही हार्डी यांनी कष्टाने सिद्ध केले, आणि काही असे की तसलं काही त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. हार्डींना आधी ही फसवणूक वाटली. मग ते आणि लिटलवूड रात्री कागद घेऊन बसले आणि मत बदललं. माहीत असलेले निष्कर्ष बरोबर निघाले, म्हणून माहीत नसलेल्यांवर विश्वास बसला. नेल्लोरचीच पायऱ्यांची गोष्ट, फक्त टपालाने.

शेवटी मागणी : मी गरीब आहे, यात काही मोलाचं वाटलं तर हे छापलं जावं, आणि अनुभव नसल्यामुळे आपला सल्ला हवा.

८ फेब्रुवारीला हार्डी यांनी उत्तर लिहिलं, आणि सिद्धता मागितल्या. २७ फेब्रुवारीच्या उत्तरात रामानुजन यांनी लंडनच्या प्राध्यापकाचा नकार स्वतःहून सांगितला. आपण अर्धपोटी आहोत, डोकं चालायला अन्न लागतं, तुमचं एक सहानुभूतीचं पत्र आलं तर इथे शिष्यवृत्ती मिळायला मदत होईल, हेही सरळ लिहिलं. आणि तसंच झालं. वेधशाळा खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी पोर्ट ट्रस्टमध्ये काम पाहून विद्यापीठाला लिहिलं, आणि मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १७ मार्च १९१४ ला ते इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसले.

मग आपण काय घ्यायचं?

तिन्ही परिचयांत तीन गोष्टी समान आहेत. मी आत्ता कुठे उभा आहे, ते एका वाक्यात. मी काय केलंय, ते समोरच्याला तपासता येईल एवढं आणि अशा रूपात. मला काय हवंय, ते नेमकं. कमतरता लपवलेली नाही, पण तिच्यावर अर्ध्या वाक्यापेक्षा जास्त जागाही खर्च केलेली नाही. बाकी सगळं ऐकणाऱ्यानुसार बदलतं.

म्हणून मुलाखतीआधी एकच परिचय पाठ करू नका. तीन लिहा : एक तुमच्या विषयाच्या गाईडसाठी, एक दुसऱ्या विषयातल्या सदस्यासाठी, एक फेलोशिपच्या समितीसाठी. प्रत्येकात एक तरी गोष्ट अशी हवी की समोरचा म्हणू शकेल, ‘बरं, दाखवा.’ वाचलेला एक दस्तऐवज, केलेली एक मोजणी, सापडलेली एक विसंगती. दुसऱ्या मुलाखतीत मी टक्के सांगितलेच नाहीत. म्हटलं, ‘मी कारकुनांचे अर्ज वाचते. एकाच माणसाचे दोन अर्ज शेजारी ठेवले तर शिक्षणाचा रकाना बदललेला दिसतो. तो का बदलतो, ते मला शोधायचंय.’ पुढची वीस मिनिटं सगळे त्यावरच बोलत होते.

आणि एक गोष्ट विसरू नका. हार्डींना लिहिलेलं पत्र आपण वाचतो, कारण त्याला उत्तर आलं. उत्तर न आलेल्या पत्रांचे नमुने कुणी छापत नाही. त्याच माणसाचं, त्याच दर्जाचं काम काही महिन्यांच्या अंतराने एका ठिकाणी नाकारलं गेलं आणि दुसऱ्या ठिकाणी स्वीकारलं गेलं. मधल्या काळात रामानुजन बदलले नव्हते, वाचणारा बदलला होता. तालुक्याच्या कॉलेजातून येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कचेरीत बहुतेक वेळा नारायण अय्यर बसलेले नसतात. ते आपल्या परिचयाचं अपयश नाही. यादीत नाव नसलेल्या त्या वर्षी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

ओळख करून देणं आपल्या हातात आहे. ते नीट करूया. आणि उद्या आपण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, की समोरच्याला न कळलेल्या वहीसाठी ‘पुन्हा ये’ म्हणायला विसरू नका.